पडद्यावरील युद्ध : किती खरे, किती करमणूक?

(पालक-शिक्षक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)





शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर बंदुकीच्या खेळांचा विषय कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. परंतु आपली मुले जे रोज पाहतात, ऐकतात आणि स्वतःच्या बोटांनी करतात, ते त्यांचे शिक्षणच होय. मग ते आपण दिलेले असो वा नसो. पाठ्यपुस्तकातील धडा आपण वाचून पाहतो आणि त्यात चूक आढळली तर हरकत घेतो. मोबाईलच्या आणि संगणकाच्या पडद्यावरील धडा मात्र न वाचताच आपण एक तर बंद करतो, नाही तर मुलाच्या हाती सोडून देतो. आज तो धडा थोडा वाचून पाहावा, एवढाच माझा हेतू आहे.

मी बोलणार आहे ते आधुनिक युद्धावर बेतलेल्या नेमबाजीच्या व्हिडिओ गेमविषयी. या खेळांत खेळणारा सैनिकाच्या डोळ्यांनी पाहतो आणि त्याच्यासमोर बंदुकीची नळी असते. कॉल ऑफ ड्यूटी, मेडल ऑफ ऑनर, बॅटलफील्ड, आर्मा ही त्यांतील जगभर गाजलेली नावे. हे युद्ध अगदी खऱ्यासारखे आहे, असे या खेळांचे कौतुक होते. विकत घेणाऱ्याला मात्र हवी असते मजा. खरे युद्ध आणि मजा ही दोन्ही एकाच ताटात कशी वाढली जातात, हा आपल्यापुढील प्रश्न आहे.

युद्धाचा खेळ करणे ही काही नवी गोष्ट नव्हे. बुद्धिबळाचा उगम आपल्याच भूमीतला. तो खेळ इराणमार्गे अरबांकडे गेला, शतरंज झाला आणि पुढे युरोपात पोहोचला. हत्ती, घोडा, उंट, वजीर, प्यादी अशी सारी फौजच त्यात आहे. पण पटावर मेलेल्या प्याद्याचे रक्त सांडत नाही, आणि युद्ध असेच असते असे पट कधी म्हणतही नाही. आपल्या मुलांत लोकप्रिय झालेल्या पब्जीचे उदाहरण घ्या. भारत सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी ज्या ११८ ॲपवर बंदी घातली त्यांत तो होता, आणि २०२१ मध्ये तो नव्या भारतीय नावाने परत आला. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात आणि शेवटी एक उरतो. त्यात पाठीला अडकवलेल्या तव्याने बंदुकीची गोळी अडते! मुले त्यावर हसतात, कारण ही गंमत आहे हे त्यांना ठाऊक असते. असा खेळ वेळ खातो, अभ्यास बुडवतो, ही तक्रार रास्त आहे; पण तो खोटी साक्ष देतो असे म्हणता येणार नाही. तव्याने गोळी अडवणारा खेळ आपण खेळ असल्याचे उघड सांगत असतो.

अडचण निर्माण होते ती बाकी सर्व काही हुबेहूब असताना. या खेळांचे कारागीर खऱ्या बंदुकांचे आवाज ध्वनिमुद्रित करून घेतात, माजी सैनिकांचा सल्ला घेतात, गणवेशाच्या शिवणीपर्यंत लक्ष पुरवतात. आर्मा ३ या खेळाचे मुख्य बेट ग्रीसच्या लेम्नोस बेटावरून घेतलेले आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये तो खेळ बनवणाऱ्या चेक कंपनीचे दोन कर्मचारी त्या बेटावर लष्करी ठिकाणांच्या छायाचित्रणाच्या आणि हेरगिरीच्या आरोपावरून पकडले गेले आणि जानेवारी २०१३ पर्यंत तुरुंगात राहिले. आपण सुटीवर गेलो होतो, असे त्यांचे म्हणणे होते.

इतकी हुबेहूब बंदूक, इतके हुबेहूब बेट पाहिल्यावर उरलेलेही खरेच असणार, असे मन आपोआप धरून चालते. येथेच थांबून पाहिले पाहिजे. २००५ च्या कॉल ऑफ ड्यूटी २ पासून त्या मालिकेत एक सोय आली. गोळ्या लागल्या की पडदा लाल होतो. भिंतीआड काही क्षण दम घेतला की जखमा आपोआप भरतात आणि गडी पुन्हा धावू लागतो. हे का केले असावे? खऱ्या जखमेप्रमाणे खेळाडूला सहा महिने इस्पितळात झोपवले तर खेळ कोण घेईल? खऱ्या सैनिकाचे दिवस वाट पाहण्यात, चालण्यात, सामान वाहण्यात आणि पहारा देण्यात जातात. तेही गाळले जाते. आर्मासारखे खेळ यातील काही भाग ठेवतात. मैलभर चालावे लागते आणि न दिसलेल्या शत्रूच्या एका गोळीने खेळ संपू शकतो. म्हणून अनेकांना तो कंटाळवाणा वाटतो, आणि थोड्यांना त्यासाठीच आवडतो.

मजेसाठी गाळणे हा गुन्हा नव्हे. गाळल्यावाचून कोणताच खेळ उभा राहत नाही. परंतु काय गाळले आणि कोणाच्या सोयीसाठी गाळले, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. अमेरिकेच्या सैन्याने ४ जुलै २००२ रोजी अमेरिकाज आर्मी नावाचा खेळ फुकट वाटला. तरुणांनी सैन्यभरतीकडे वळावे हा हेतू उघड होता. त्यात खेळाडूला आधी कवायत शिकावी लागे, औषधोपचाराचे काम हवे असेल तर वर्गात बसून परीक्षा द्यावी लागे, आणि शिक्षकावरच गोळी झाडली तर थेट तुरुंगाची कोठडी दिसे. वास्तवाची एवढी काळजी! तथापि एक गोष्ट पाहा. दोन गट एकमेकांशी लढत तेव्हा प्रत्येक गटाला आपण अमेरिकी सैनिक आहोत असे दिसे आणि समोरचा शत्रू दिसे. आणि त्याच क्षणी समोरच्यालाही तसेच उलट दिसे. शत्रूच्या जागेवर उभे राहणे त्या खेळात कोणालाही शक्य नव्हते. २०२२ च्या मे महिन्यात तो खेळ बंद झाला, पण त्याची ही युक्ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

गाळणे हळूहळू बदलण्यापर्यंत कसे जाते, याचे उदाहरण २०१९ च्या कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर या खेळात सापडते. फेब्रुवारी १९९१ मध्ये कुवेतहून बसऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर माघार घेणाऱ्या इराकी ताफ्यावर अमेरिकेच्या नेतृत्वाखालील विमानांनी बॉम्बवर्षाव केला. शेकडो गाड्या जळाल्या. त्या रस्त्याला जगाने मृत्यूचा महामार्ग असे नाव दिले. २०१९ च्या खेळात एका काल्पनिक देशात हेच नाव असलेला रस्ता आहे, तशाच जळक्या गाड्यांच्या रांगा आहेत. पण तो हल्ला रशियाने केला, असे खेळातील पात्र सांगते. देश काल्पनिक आहे ही पळवाट ठेवलेली आहेच. परंतु १९९१ नंतर जन्मलेला मुलगा ते नाव प्रथम या खेळातच ऐकेल, तर त्याच्या मनात कोणाचे नाव कोरले जाईल? गाड्या खऱ्यासारख्या, धूर खऱ्यासारखा, आणि आरोपी बदललेला. सराईत साक्षीदारही असेच करतो. नव्वद गोष्टी खऱ्या सांगतो, म्हणजे दहा पचून जातात.

फलूजाचीही गोष्ट अशीच. नोव्हेंबर २००४ मध्ये इराकमधील त्या शहरात मोठी लढाई झाली. तिच्यावरील सिक्स डेज इन फलूजा हा खेळ २००९ मध्ये जाहीर झाला; टीकेमुळे जपानी प्रकाशकाने काही आठवड्यांतच अंग काढून घेतले. २०२१ मध्ये नव्या प्रकाशकाने तो पुन्हा हाती घेतला. अमेरिकेतील मुस्लिम नागरिकांच्या संघटनेने विरोध केला, तरी जून २०२३ मध्ये तो अपुऱ्या स्वरूपात विक्रीस आला. त्यात घरांच्या खोल्यांची रचना दर वेळी बदलते, म्हणजे दाराआड काय आहे याची धास्ती सैनिकाप्रमाणेच खेळाडूला वाटावी. ही कारागिरी मोठी आहे. परंतु त्या दाराला दोन बाजू होत्या. आत बसलेल्या कुटुंबाची धास्तीही तितकीच खरी होती. त्या लढाईत पांढऱ्या फॉस्फरसचा शस्त्र म्हणून वापर झाल्याचे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००५ मध्ये मान्य केले, हेही त्या शहराच्या वास्तवातच मोडते.

आता आपल्या घरातील मुलाचा विचार करा. तो ज्या गल्लीत बंदूक घेऊन शिरतो, तेथे अनेकदा मिनार दिसतात, दुकानांवर अरबी पाट्या असतात. २००९ च्या मॉडर्न वॉरफेअर २ मध्ये कराची शहर दाखवले आणि पाट्या अरबी भाषेत लिहिल्या; तेथे उर्दू चालते, हे पाहण्याची कोणाला गरज भासली नाही. बंदुकीच्या चापाबाबत अचूक असणारे हात माणसांच्या भाषेबाबत इतके सैल का पडतात? त्याच खेळातील रिओ शहराच्या एका नकाशात हदीसचे वचन असलेली चौकट स्नानगृहात टांगलेली होती; २०१२ मध्ये लोकांनी हरकत घेतल्यावर तो नकाशा काढून दुरुस्त करावा लागला. २०२१ मध्ये त्याच मालिकेतील व्हॅनगार्ड या खेळात कुरआनची पाने जमिनीवर पडलेली दिसली. कंपनीने अरबी भाषेत माफी मागितली आणि ती काढून टाकली. या दोन्ही वेळी दगडफेक करून काही साधले नाही. ज्यांना वाचता येत होते त्यांनी वाचून दाखवले, म्हणून दुरुस्ती झाली. शिक्षणसंस्थेने ध्यानात घ्यावा असा हा मुद्दा आहे.

दोष एकाच बाजूचा आहे, असे मात्र समजू नका. २००३ मध्ये लेबनानच्या हिजबुल्लाहनेही स्पेशल फोर्स नावाचा असाच खेळ काढला. शत्रूचा गणवेश बदलला, नियम तेच राहिले. आपला गडी जिंकला म्हणून खेळ सत्य होत नाही.

उलट दिशेचे प्रयत्नही झालेले आहेत आणि ते मुलांना दाखवण्याजोगे आहेत. २०१७ मध्ये आर्मा ३ ला युद्धाच्या कायद्यांवरील एक भाग जोडला गेला, आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या सहकार्याने. त्यात खेळाडू मुख्यतः सैनिकाच्या भूमिकेत नसतो. लढाई संपल्यावर गावात उरलेले सुरुंग काढणारा मदत-कार्यकर्ता असतो. पोलंडच्या एका कंपनीने २०१४ मध्ये धिस वॉर ऑफ माइन हा खेळ काढला. सारायेव्होच्या १९९२ ते १९९६ च्या वेढ्यावरून त्याची कल्पना सुचली. त्यात वेढलेल्या शहरातील सामान्य माणसे भाकरी, औषध आणि सरपण शोधतात. २०२० मध्ये पोलंड सरकारने तो शाळांच्या पूरक वाचनयादीत घेण्याचे जाहीर केले. म्हणजे खिळवून ठेवणारा खेळ आणि खरेपणा यांचे वैर नाही. वास्तवाचा कोणता भाग निवडायचा, एवढाच प्रश्न आहे.

आपल्या परंपरेत या निवडीचा धडा फार जुना आहे. सिरियाकडे निघालेल्या फौजेला हजरत अबू बकर (रजि.) यांनी ज्या सूचना दिल्याचे सांगतात, त्यांत स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना मारू नये, फळझाडे तोडू नयेत, मठात बसलेल्या साधूंना त्रास देऊ नये, असे होते. युद्धाचे वास्तव त्यांना ठाऊक होते, म्हणूनच झाडाचीही आठवण ठेवली. पडद्यावरील युद्धात ते झाड, तो म्हातारा आणि ते मूल बहुधा नसतेच. नसल्यामुळे नेम धरताना विचार करावा लागत नाही.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. हे खेळ आता इतके हुबेहूब झाले आहेत की जाणते लोकही फसतात. २०११ मध्ये ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीने आपल्या माहितीपटात आर्मा २ खेळातील दृश्य खरे चित्रण म्हणून दाखवले. २०२२ पासून युक्रेनच्या आणि पुढे गाझाच्या युद्धाच्या नावाने आर्मा ३ ची दृश्ये फिरली. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी ती आपल्याही मोबाईलवर आली. बातमी आली की आधी शहानिशा करा, ही सूरह हुजुरातची शिकवण आज प्रत्येक मोबाईलधारकाला लागू आहे. नेमबाजीचे खेळ खेळणारा मुलगा ही दृश्ये घरात सर्वांच्या आधी ओळखू शकतो. त्याचे हे ज्ञान उपयोगात आणा.

तेव्हा पालकांनो, केवळ रागावून फोन हिसकावल्याने काम भागणार नाही. तो शेजारच्या घरी जाऊन खेळेल. वयाची आणि वेळेची मर्यादा अवश्य घाला. पण एकदा त्याच्या शेजारी बसा आणि तीन प्रश्न विचारा. तू कोणाच्या डोळ्यांनी पाहतो आहेस? गोळी लागलेल्याचे आणि त्याच्या घरच्यांचे पुढे काय झाले? हे खरोखर कोठे, केव्हा घडले, आणि कोणी केले? इतिहासाच्या शिक्षकांनी कुवेत-बसरा रस्त्याचा नकाशा वर्गात लावावा आणि मुलांनाच १९९१ ची हकीकत शोधायला सांगावी. ज्या मुलाला हे तीन प्रश्न विचारता येतात, तो खेळ खेळूनही फसणार नाही. ज्याला येत नाहीत, तो एकही खेळ न खेळता फसू शकतो.

अल्लाह आपल्या मुलांना खरे पाहण्याची दृष्टी आणि दुसऱ्याचे दुःख ओळखण्याची तौफीक देवो. आमीन.