शून्य व्होल्ट म्हणजे ‘काही नाही’ नव्हे

चुंबकीय क्षेत्रातून वाहणारा वितळलेला धातू आपण ओपनफोममध्ये सोडवतोय. फ्यूजन अणुभट्टीसाठीचा लिथियम-शिशाचा मिश्रधातू समजा. इन्सुलेटेड भिंतीवर विभवाची अट काय द्यायची? बरेच जण फिक्स्डव्हॅल्यू, शून्य टाकतात. भिंतीत करंटच नाही ना, म्हणून! अहो, 0 व्होल्ट म्हणजे अर्थिंग केलेलं तांबंच झालं. करंट भिंतीतून परत फिरतो, आणि दाबाची घट हार्टमन अंकाच्या वर्गाने वाढते. इन्सुलेटेड भिंतीला ती साधारण त्या अंकाच्याच पटीत असते. हार्टमन 1000 धरा, मग बघा फरक. मी तिथे झीरोग्रेडियंट देतो. भिंतीपाशी वेग शून्य, म्हणून ते चालतं. मात्र सगळीकडे तेच दिलं, की विभव तरंगत राहतं. मग एखाद्या सेलला संदर्भमूल्य द्या. भिंतीला नको.