लेकरू ऐकत नाही तेव्हा आधी विचारा
(पैठण तालुक्यातील प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका निवृत्त शिक्षिकेने केलेले भाषण)



सभेच्या पत्रिकेवर विषय लिहिलाय, "मुलांचे मानसिक आरोग्य व वर्तणूक". साध्या बोलीत सांगायचं तर, लेकरू ऐकत नाही, त्याचं काय करायचं. मघाशी चहाच्या वेळी तुमच्यापैकी तिघी-चौघींनी हेच विचारलं. एकीचा मुलगा दप्तर फेकून पळतो, एकीची पोरगी दिवाळीपासून घरात कुणाशी नीट बोलत नाही.

मी तुम्हालाच एक विचारते. गटातल्या एखादीचा हप्ता दोन महिने थकला तर तुम्ही काय करता? तिच्यावर हात उगारता का? नाही. अध्यक्ष, सचिव नि शेजारची एखादी मिळून तिच्या घरी जाता. विचारता, "बाई, काय झालं?" मग कळतं, सासरा दवाखान्यात आहे, नाहीतर कापूस पावसात भिजला. तुम्ही तिला मुदत देता, पण हप्ता सोडत नाही, भरून घेताच. लेकराच्या बाबतीत मात्र आपण आधी चापट मारतो आणि विचारतो मागून, कधीकधी विचारतही नाही. दशसूत्रीत शिक्षण आहे, पण आपण ते पटावर नाव घालण्यापुरतंच धरलंय.

माझ्या वर्गात तिसरीला एक मुलगा होता. नाव सांगत नाही. दिवाळीपर्यंत गुणी लेकरू. दिवाळीनंतर रोज कुणाला तरी मारायचा, पेन्सिली उचलायचा. आजी सांगायची, रात्री अंथरूण ओलं करतो, म्हणून सकाळी फटके देते. मुकादमाची उचल फेडायला आई-बाप कोयता घेऊन साखर कारखान्याच्या फडावर गेले होते. फोन काकाकडे, आणि काका घरी नसायचा. महिना झाला तरी लेकराने आईचा आवाज ऐकला नव्हता. त्याला "आईची आठवण येते" असं म्हणता येत नव्हतं, ते तो हातापायांनी सांगत होता. आम्ही काकाला बोलावून दर रविवारी संध्याकाळचा फोन ठरवला. आजीला सांगितलं, अंथरुणासाठी मारू नका, झोपायच्या आधी उठवून बाहेर न्या, लाजवू नका. शाळेची घंटा वाजवायचं काम त्याच्याकडे दिलं. चार दिवसांत सुधारला असं सांगणार नाही. मारामारी पाडव्यापर्यंत अधूनमधून चालूच होती. पण पेन्सिली जायच्या थांबल्या नि शाळा एक दिवसही बुडली नाही.

हे काही नवीन नाही. ताराबाई मोडक नि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आदिवासी लेकरांसाठी बालवाडी काढली. लेकरं येईनात. बायांनी त्यांना आळशी म्हटलं नाही, का येत नाहीत ते पाहिलं, आणि बालवाडीच पाड्यावर अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली.

आता घरातलं. लेकरांना मार कधी बसतो? माझा अंदाज, सगळ्यात जास्त दिवेलागणीला. आपण वेचणीवरून नाहीतर खुरपणीवरून आलेलो असतो, चूल पेटायचीय, पाणी भरायचंय, नि त्याच वेळी ते काहीतरी सांडतं. त्या फटक्यातला अर्धा राग दुसऱ्याच कुणावरचा असतो, तुम्हाला माहीत आहे कुणावरचा. म्हणून आल्या आल्या दहा मिनिटं बसा. चूल थोडी उशिरा पेटली तर काही बिघडत नाही. "आज शाळेत कोण रडलं? कोण हसलं?" असं विचारा. "अभ्यास केला का" हे नंतर. शिस्त सोडा असं मी म्हणत नाही. सांडलंय तर पुसायला लावा, पेन्सिल घेतलीय तर परत द्यायला लावा. आणि चांगलं केलं तर नेमकं काय केलं ते बोला. नुसतं "शहाणं बाळ" म्हणण्यापेक्षा "न सांगता कळशी भरून ठेवलीस" हे लेकराच्या ध्यानात राहतं.

आणखी एक सवय आपल्याकडे फार आहे. "पोलीस धरून नेतील," "बाईंना सांगते, मग बघ." ज्यांच्याकडे लेकराने अडचणीत धावायचं, त्यांचीच भीती आपण घालतो. उद्या कुणी त्याच्या अंगाला नको तसा हात लावला, तर ते कुणाला सांगणार?

काही पालक शाळेत येऊन म्हणतात, "सर, दोन ठेवून द्या, आमची हरकत नाही." तायांनो, तुमची हरकत असो वा नसो, ते चालत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 प्रमाणे शाळेत मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हीला बंदी आहे. "ढ" म्हणून वर्गात उभं करणंही त्यात आलं. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. तुमच्यातल्या कितीजणी त्या समितीवर आहेत, आणि कितीजणींची नुसती सही नेली जाते, ते मी विचारत नाही. शाळेत सखी सावित्री समितीही असायला हवी, शासन निर्णय 10 मार्च 2022 चा आहे. तिची बैठक होते का, तक्रारपेटी कोण उघडतं, हे पुढच्या सभेत विचारा.

लेकरू धोक्यात दिसलं तर 1098 वर फोन करा, रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत. आणि तुमचंच मन थकलं असेल तर 14416 हा टेलीमानसचा नंबर आहे, तोही मोफत. आईने स्वतःसाठी फोन केला तर त्यात लाज कसली?

आता पोळा झालाय. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतील. म्हणून या महिन्यातच प्रत्येक गटाने आपल्या गल्लीतली यादी करावी. कोणाचं जोडपं तोडणीला जाणार, लेकरं कुणाकडे राहणार, फोन कुणाचा, रविवारी बोलणं कोण करून देणार. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव कधी जातो ते मुख्याध्यापकांना आत्ताच विचारा, लेकरं गेल्यावर विचारून उपयोग नाही. जी लेकरं आई-बापासोबत जाणार, त्यांचं शिक्षण हमी कार्ड निघण्याआधी मागून घ्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसता येईल. मोठी पोरगी धाकट्यांना सांभाळायला घरी ठेवणार असतील तर तिचं नाव यादीत वेगळं लिहा. तिच्या घरी आधी जायचंय.

यादी ग्रामसंघाच्या सचिवताईंकडे द्या. सीआरपी ताई ती घेऊन माझ्यासोबत शाळेत येतील.