नाडीचे अंतर आणि धावपटूचा सराव



आपण सर्वांनी क्षणभर मनगटावर बोटे ठेवावीत. मिनिटाला साठ ठोके भरले, म्हणजे दर सेकंदाला एक पडला असे आपण समजतो. तसे घडत नाही. एक अंतर ९५० मिलिसेकंदांचे असते, पुढचे १,०४० चे. श्वास घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी हे १८४७ साली नोंदवले. हृदयविकारातील अनियमितता निराळी; ही मात्र प्रकृती ठीक असल्याची खूण आहे.

हृदयाला दोन मज्जासंस्था हाकतात. एक टाच मारते. दुसरी, व्हेगस, लगाम खेचते. व्हेगसचा परिणाम जवळजवळ पुढच्याच ठोक्यात दिसतो, टाचेला काही सेकंद लागतात. म्हणून लागोपाठच्या अंतरांतील फरक मोजला की लगाम किती शाबूत आहे ते कळते. अतिश्रम, जागरण, ताप, काळजी यांनी तो बहुधा ढिला पडतो आणि फरक आकसतो.

फिनलंडमधील ओउलू येथे २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाने आखलेल्या वेळापत्रकाप्रमाणे चार आठवडे सराव केला. दुसऱ्याने रोज सकाळी हे मोजून, आकडा घसरला तर हलका सराव किंवा विश्रांती घेतली. धावण्याचा कमाल वेग दुसऱ्या गटाचा अधिक वाढला. गट लहान होते, हेही सांगितले पाहिजे.

मागे माझ्याकडे एक मुलगा आला. पाच हजार मीटर पळणारा. वेळ सुधारण्याऐवजी बिघडत चालली होती, आणि गुरुजी त्याला आळशी म्हणून रोज दोन फेऱ्या जास्त पळवीत. पोरगा बिचारा मुकाट्याने पळे. आम्ही छातीला पट्टा बांधून रोज उठल्याबरोबर, त्याच अंथरुणावर, मोजू लागलो. पंधरा दिवस आकडा खालीच. सराव निम्म्यावर आणला. महिन्याने आकडा वर आला, मग वेळही. तो आळशी नव्हता, थकलेला होता. पण हे त्याच्या तोंडून ऐकायला कोणी तयार नव्हते. यंत्राने सांगितले तेव्हा गुरुजींना पटले. याचे मला थोडे वाईटच वाटले.

यंत्रावरही फार विसंबू नये. शेजाऱ्याच्या आकड्याशी आपला ताडून पाहण्यात अर्थ नाही. माणसागणिक तो कितीतरी वेगळा. एका सकाळच्या घसरणीने घाबरू नये, आठवड्याची सरासरी पाहावी. शिवाय काही अतिथकलेल्या खेळाडूंत आकडा उलट चढलेला आढळतो! तेव्हा झोप कशी लागली, भूक आहे का, हे विचारायचेच.

त्या गुरुजींनी मला शेवटी विचारले, ‘‘डॉक्टर, शर्यतीच्याच सकाळी आकडा खाली आला तर?’’ मी म्हटले, ‘‘येणारच. काळजीने येतो. त्या दिवशी पट्टा घरी ठेवा.’’