खत टाकण्याआधी मूळ पाहा
(मंडळाच्या मासिक सभेतील भाषण)



मी बँकेतला कारकून, कॉमर्सचा पदवीधर. शेतीवर बोलण्याचा माझा अधिकार तो काय? पण आपल्यापैकी अनेकांची बेळगाव भागात वाडवडिलांची जमीन आहे आणि पीककर्जाचे कागद माझ्या टेबलावरून जातात. म्हणून हे चार शब्द.

आमच्या थोरल्या काकांच्या रेताड तुकड्यात भुईमूग जागोजागी पिवळा पडला, खुजा राहिला. भर दुपारी माना टाकायचा. "खत कमी पडलं असेल, काका," असे मीच म्हणालो. त्यांनी कर्जाच्या पैशातून दोनदा युरिया टाकला. काढणीला पाहिले तर मुळांवर गाठी आणि शेंगांवर चामखिळीसारखे फुगवटे. रोग सूत्रकृमींचा होता. पोती निम्म्यावर आली, कर्जाची मुदत चुकली, व्याजाची सवलत गेली. विमा अधिसूचित विभागाच्या सरासरी उत्पन्नावर ठरतो. एका तुकड्याचे नुकसान त्यात दिसत नाही.

सूत्रकृमी डोळ्यांना दिसत नाहीत. मुळात शिरून तिथेच वाढतात. एक मादी शेकड्यांनी अंडी घालते आणि उबदार जमिनीत साधारण महिन्याभरात नवी पिढी तयार होते.

आता मुख्य गोष्ट. भुईमुगाच्या मुळावरच्या सगळ्याच गाठी वाईट नव्हेत. नत्र पुरवणाऱ्या जिवाणूंच्या गाठी मुळाच्या कडेला मण्यासारख्या चिकटलेल्या असतात. नखाने सहज सुटतात, फोडल्यास आत गुलाबी दिसतात. सूत्रकृमींच्या गाठीत मूळच सुजलेले असते. ती गाठ सुटत नाही, मूळ तुटते. पिवळ्या भागातली दोन-चार झाडे उपटू नका, खुरप्याने अलगद खणून काढा, मुळे धुऊन बघा. खर्च शून्य.

उभ्या पिकात फारसे काही हाती राहत नाही. खरे काम पुढच्या पेरणीआधीचे. रोगट मुळे वेचून काढा. उन्हाळ्यात खोल नांगरून जमीन तापू द्या. हेक्टरी सुमारे १ टन निंबोळी पेंड घाला. भुईमुगावर पुन्हा भुईमूग नको; वांगी, टोमॅटो, भेंडी यांवरही ही कीड पोसते. ज्वारी, ताग, झेंडू यांचा विचार करा. पण सूत्रकृमींच्या जाती निरनिराळ्या, म्हणून मुळांसह ओली माती पिशवीत घालून धारवाडच्या कृषी विद्यापीठातल्या किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या जाणकारांना दाखवा आणि मगच फेरपालटाचे पीक ठरवा. दुकानदाराच्या शब्दावर औषध घेऊ नका. फोरेटवर तर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे.

काकांना चुकीचा सल्ला मी दिला, तो अजून सलतो. तुम्ही शहरात असाल, जमीन भाऊबंद कसत असतील, तरी पीक पिवळे पडल्याचा फोन आला की पैसे पाठवण्याआधी एवढेच विचारा, "मूळ पाहिलंत का?"