लेकीची नीट आणि आईची तयारी



दहावीचा निकाल लागून चारच दिवस झाले होते. आमच्या खालापूरकडच्या एका गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही पुरी झाली आणि एक ताई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मला एक लाखाचं कर्ज पाहिजे. पोरीला चांगले मार्क पडलेत, तिला डॉक्टर व्हायचंय. क्लासवाले म्हणतात आठवड्यात पैसे भरा, नाहीतर जागा जाईल."

सगळ्या जणी माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, पुढच्या बैठकीपर्यंत थांबा, मी माहिती काढते. कारण तीन वर्षांपूर्वी अशाच एका ताईला मी घाईत उत्तर दिलं होतं आणि ते चुकलं होतं. ती गोष्ट पुढे सांगते. आधी मी काय माहिती काढली ते ऐका.

डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा म्हणजे नीट. देशभर एकच परीक्षा. एमबीबीएसलाच नव्हे, दातांचा डॉक्टर, आयुर्वेद, होमिओपॅथी या सगळ्यांना हीच लागते. मे महिन्यात, बहुतेक पहिल्या रविवारी असते. २०२५ च्या परीक्षेत तीन तासांत १८० प्रश्न होते, गुण ७२०. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. म्हणजे अर्धा पेपर एकट्या जीवशास्त्राचा. त्या वर्षी २२ लाखांहून जास्त मुलं बसली, १२ लाखांहून जास्त पात्र ठरली. पण देशात एमबीबीएसच्या जागा आहेत सव्वा लाखाच्या आसपास. म्हणून "नीट पास झाली" म्हणजे प्रवेश मिळाला असं नसतं. पेढे वाटायच्या आधी हे लक्षात ठेवा.

आता तयारी कधी सुरू करायची? काही जण सांगतात आठवीपासून क्लास लावा. तशी गरज नाही. आठवी ते दहावी शाळेचं विज्ञान आणि गणित पक्कं झालं तर पुष्कळ झालं. खरी तयारी अकरावीच्या पहिल्या दिवसापासून, कारण नीटमध्ये अकरावी आणि बारावी दोन्हींचा अभ्यास येतो. आपल्याकडे मुली अकरावीचं वर्ष सोडून देतात, "बारावीला बघू" म्हणतात. तिथेच अर्धा पेपर हातचा जातो.

त्याच्याही आधी एक काम आहे. आपल्या मुली मराठी शाळेत शिकलेल्या. अकरावी सायन्सला गेलं की पुस्तकं इंग्रजी, शिकवणं इंग्रजी. हुशार पोरगी दिवाळीपर्यंत गप्प होते आणि आपल्याला वाटतं तिचं लक्ष नाही. लक्ष असतं, शब्द अडतात. म्हणून दहावीच्या सुट्टीतच विज्ञानाच्या शब्दांची वही करायला लावा. पेशी म्हणजे सेल, ऊती म्हणजे टिश्यू, बल म्हणजे फोर्स. रोज दहा शब्द केले तर दीड महिन्यात साडेचारशे होतात. नीटचा पेपर मराठीतही मिळतो, तसं अर्ज भरतानाच निवडावं लागतं. त्या पुस्तिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही प्रश्न असतात. भाषांतरात काही शंका आली तर इंग्रजी धरतात, म्हणून इंग्रजी शब्द माहीत हवेतच.

अभ्यास कशातून करायचा? पाया म्हणजे एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं. ती त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात, विकत घेतली तरी महाग नाहीत. जीवशास्त्र तर त्या पुस्तकाच्या ओळीओळीतून वाचायचं, चित्रांसकट. बाजारातली जाडजूड पुस्तकं नंतर. मागच्या वर्षांचे पेपर मिळवायचे आणि बारावीच्या दिवाळीनंतर दर रविवारी दुपारी दोन ते पाच घड्याळ लावून एक पेपर सोडवायचा. परीक्षा त्याच वेळेला असते, अंगाला सवय होते. केंद्र सरकारचं आणि आयआयटी कानपूरचं 'साथी' नावाचं संकेतस्थळ आहे, तिथे नीटचं शिकवणं आणि सराव फुकट आहे.

पेपर सोडवताना एक हिशोब आपल्यालाही कळण्यासारखा आहे. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ गुण वजा, सोडून दिलं तर काही जात नाही. १२० बरोबर आले आणि ६० कोरे सोडले तर ४८०. तेच ६० अंदाजाने मारले आणि सगळे चुकले तर ४२०. म्हणून सरावाचा पेपर झाला की "किती आले?" एवढंच विचारू नका, "किती चुकले आणि का चुकले?" हेही विचारा. चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही हवी. आपल्या थकबाकीच्या वहीसारखीच ती.

आता घरातलं बोलू. बैठकीत मी त्या ताईंना विचारलं, लेक दिवसभरात अभ्यासाला किती बसते? त्यांनी बोटं मोजली. सकाळी पाणी, भाकऱ्या, भावाचा डबा, मग एसटी किंवा लोकल, संध्याकाळी परत भांडी. उरले दीड तास, तेही नऊनंतर पेंगत. ताई स्वतःच म्हणाल्या, "अहो, एक लाख भरून काय करू, तिला वेळच नाही." खोपोलीच्या कारखान्यात जाणारी असो की फार्महाऊसवर झाडलोट करणारी, आपल्यालाही दोनच हात आहेत, ते मला माहीत आहे. पण घरातला मुलगा आणि बापही पाण्याची कळशी उचलू शकतो. कॉलेज सोडून रोजचे चार तास तिचे, असं घरात सगळ्यांसमोर ठरवा. तेवढ्या वेळात तिला हाक मारायची नाही. पाहुणे आले तरी नाही. आणि रात्री सहा-सात तास झोप पाहिजे, जागून पाठ केलेलं सकाळी राहत नाही.

क्लास लावायचा का? चांगला क्लास मदत करतो, खोटं कशाला बोलू. पण पैसे भरायच्या आधी चार गोष्टी पाहा. शिकवणारे कोण आहेत, एका वर्गात मुली किती, मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का ते लिहून देतात का, आणि येण्याजाण्यात किती तास जातात. ओबीसी, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी 'महाज्योती' ही राज्य सरकारची संस्था आहे. दहावीनंतर सायन्स घेतलेल्यांना ती नीटचं ऑनलाईन प्रशिक्षण मोफत देते, टॅब आणि इंटरनेटही दिलं आहे. नोंदणी दहावीच्या निकालानंतर निघते, जाहिरातीवर लक्ष ठेवा. आदिवासी मुलींसाठी पेणच्या प्रकल्प कार्यालयात जाऊन चालू योजना विचारा. फोनवर नको, समक्ष जा. आणि कोणी "पैसे द्या, सीट मिळवून देतो" म्हणाला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. सरकारी प्रवेश गुणांवर आणि ऑनलाईन यादीवरच होतो.

आता माझ्या चुकीची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी एक ताई जून महिन्यात मला विचारायला आल्या होत्या. लेक बारावीत गेली होती. "जातीच्या वैधतेचं आत्ताच करू का?" मी म्हटलं, "बारावी होऊ द्या हो, मग बघू." मुलीने नीटला चांगले गुण मिळवले. पण प्रवेशाच्या वेळी वैधता प्रमाणपत्र हातात नव्हतं. तिला खुल्या गटात धरलं गेलं आणि नंबर लागला नाही. तिच्या प्रवर्गाची यादी तिच्या गुणांच्या खाली थांबली होती. ताई मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून कागदांची तयारी अकरावीतच, आणि ती आईबापाची. जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमिलेयर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला. वैधतेला वडिलांकडचा जुना पुरावा लागतो. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० आणि जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा. आजोबांचा, पणजोबांचा शाळेचा दाखला शोधा. आमच्या ठाकूर, कातकरी वाड्यांवर आजोबा शाळेतच गेलेले नसतात. मग गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदी, जमिनीचे जुने उतारे बघा. चुलता, आत्या अशा वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला वैधता मिळाली असेल तर त्याची प्रत फार कामाची. सगळ्या कागदांवर नाव आणि आडनाव एकसारखं आहे ना, ते आजच पाहा. एका वेलांटीसाठी महिने जातात.

ही कामं बारावीवर का ठेवायची नाहीत? नीटचा निकाल जूनमध्ये, प्रवेशाच्या फेऱ्या जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा आपण लावणीत गुडघाभर चिखलात असतो आणि सेतू केंद्रात रांगा लागलेल्या असतात.

अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. २०२५ साली फी खुल्या गटाला १७००, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला १६००, अनुसूचित जाती-जमातींना १००० रुपये होती. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला मुलीला १७ वर्षं पूर्ण हवीत. अर्जात मोबाईल नंबर घरातलाच द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको. परीक्षेचा दिवस रविवार असतो आणि रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, हे कर्जत-खोपोलीकरांना सांगायला नको. केंद्र पनवेल, नवी मुंबईकडे आलं तर पहाटेच निघा किंवा आदल्या दिवशी नातेवाइकांकडे जा. २०२५ ला दीड वाजता फाटक बंद होत होतं, नंतर कोणाला आत घेत नव्हते. अर्ध्या बाह्यांचा कुडता, साध्या चपला, दागिना एकही नाही.

नंबर लागला तर फीची भीती आधीसारखी नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. राहण्या-जेवणाचा खर्च मात्र वेगळा धरा. आपल्या जिल्ह्यात अलिबागला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी लग्नानंतर काही काळ अलिबागेत राहिल्या होत्या. डॉक्टर व्हायला त्यांना समुद्र ओलांडून अमेरिकेला जावं लागलं, १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. आपल्या लेकीला पेण ओलांडलं की झालं.

आणि नंबर नाही लागला तर? परीक्षा पुन्हा देता येते, वयाची वरची अट नाही. एक वर्ष थांबायचं तर आधीच्या सरावात गुण वाढत होते का ते बघून ठरवा, शेजारणीच्या बोलण्यावरून नको. बीएस्सी नर्सिंगला राज्याची वेगळी सीईटी आहे, फार्मसीला एमएचटी-सीईटी. ते अर्जही बारावीतच भरून ठेवा. पोरगी जेवेनाशी झाली, बोलेनाशी झाली तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, फोन फुकट आहे. परीक्षा मुलीसाठी आहे, मुलगी परीक्षेसाठी नाही.

त्या ताईंच्या कर्जाचं काय झालं? पुढच्या बैठकीत त्यांनीच अर्ज बदलला. पंधरा हजार मागितले, पुस्तकं आणि सराव परीक्षांसाठी, आणि गटाने एकमताने दिले. घरात पाणी आता मुलाकडे आहे. वैधतेसाठी आजोबांचा दाखला काढायला ताई आणि मी, दोघी मिळून गावच्या जुन्या शाळेत जाऊन आलो. मुलीचा नंबर लागेल की नाही, ते दोन वर्षांनी कळेल. पण कागदावाचून ती मागे राहणार नाही, एवढं मी या वेळी बघणार आहे.

तुमच्या गटात कोणाची लेक यंदा दहावी पास झाली आहे? पुढच्या बैठकीत तिचं नाव वहीत लिहा आणि शेजारी लिहा: कागद कोणते आहेत, कोणते नाहीत. सुरुवात तिथून करा.