वलंदेजांच्या देशातील एक बाळंतपण

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यवाहांनी मला आज्ञा केली की, 'गुरुजी, तुम्ही हॉलंडला तीन महिने राहून आलात, तेव्हा तेथील लोकांच्या चालीरीतींवर चार शब्द बोला.' मी एक मॅट्रिक झालेला प्राथमिक शिक्षक. उभी हयात फळा, खडू आणि हजेरीपट यांत गेली. तीन महिन्यांच्या वास्तव्यावर एखाद्या राष्ट्राविषयी मत द्यावे एवढा माझा अधिकार नाही. शिवाय मी तेथे प्रवासी म्हणून गेलोच नव्हतो. मी गेलो होतो लेकीच्या बाळंतपणाला. त्यामुळे पवनचक्क्या आणि ट्यूलिपची शेते यांचे वर्णन माझ्याकडून अपेक्षू नये. मी पाहिले ते एक स्वयंपाकघर, एक बाळंतिणीची खोली आणि जिन्यातले शेजारी.

हे लोक आपल्याला अगदीच नवखे आहेत असेही नाही. आपल्या जुन्या कागदपत्रांत त्यांना 'वलंदेज' म्हटले आहे. इ. स. १६३७ च्या सुमारास त्यांनी विजापूरच्या आदिलशाहीकडून परवानगी मिळवून वेंगुर्ल्यास वखार घातली. १६७४ साली रायगडावर झालेल्या राज्याभिषेकाची वार्ता त्या वखारीतून गेलेल्या पत्रव्यवहारात नमूद आहे. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी हे लोक आपल्या मुलखात बसून आपले रीतिरिवाज टिपून घेत होते. आता आपली मुले त्यांच्या गावात राहतात, आणि टिपून घेण्याची पाळी आपली आली आहे.

आमची थोरली कन्या आणि जावईबापू आइंडहोव्हन शहरालगत राहतात. आपल्यापैकी ज्यांच्या घरी पूर्वी फिलिप्सचा रेडिओ होता त्यांनी ध्यानात घ्यावे, ती कंपनी १८९१ साली याच आइंडहोव्हनात विजेचे दिवे करण्यासाठी निघाली. आज त्या भागात यंत्रांचे मोठाले कारखाने आहेत आणि तेथे भारतीय अभियंते पुष्कळ आहेत. वस्तुतः पहिले बाळंतपण माहेरी व्हावयाचे. पण कन्येची नोकरी, तेथील वैद्यकीय व्यवस्था, इतक्या लांबचा विमानप्रवास, या साऱ्यांचा विचार करता माहेरानेच तिकडे जावे असे ठरले. २०२४ च्या मार्च महिन्यात मी आणि सौ. डिंक, अळीव, सुंठ, बाळंतशेपा आणि एक कुंची घेऊन निघालो.

पोहोचल्यावर पहिले आश्चर्य पलंगाचे. जावईबापू पलंगाच्या चारही पायांखाली ठोकळे सरकवीत होते. मला वाटले, खाली सामान ठेवावयाचे असेल. तो तेथील नियम निघाला. बाळंतपणानंतर घरी शुश्रूषेसाठी जी बाई येते तिची पाठ वाकून वाकून दुखू नये म्हणून बाळंतिणीची खाट सत्तर-ऐंशी सेंटिमीटर उंच करून ठेवावी लागते. सेविकेच्या पाठीची काळजी घरमालकाने घ्यावयाची, हे वाक्य मी मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिले.

या व्यवस्थेला ते 'क्रामझोर्ख' म्हणतात, म्हणजे बाळंतिणीची शुश्रूषा. गरोदरपणातच तिची नोंदणी करावी लागते. प्रत्येक रहिवाशाला जो आरोग्यविमा सक्तीचा आहे त्यातूनच बहुतेक खर्च भागतो. तासामागे थोडी रक्कम घरच्यांनी द्यावयाची. साधारण आठ दिवस, रोज काही तास, एक प्रशिक्षित बाई घरी येते. श्रीमंत-गरीब, डच-परदेशी असा भेद नाही. त्या देशात अजूनही काही बाळंतपणे हौसेने घरीच होतात, आणि रुग्णालयात झाली तरी सारे सुरळीत असल्यास काही तासांत घरी धाडतात. आमच्या कन्येला पहाटे चारच्या सुमारास मुलगी झाली आणि दुपारी बाळंतीण घरी! सौ.चा विश्वासच बसेना. 'अहो, हाकलून दिलं का तिला?' असे तिने मला बाजूला घेऊन विचारले.

नात झाली म्हणून मी बर्फी आणून ठेवली होती. आनंदाच्या भरात त्याच संध्याकाळी सहा वाजता एका तबकात ती घेऊन समोरच्या दाराची घंटा दाबली. दार उघडले. आत मेजावर कुटुंब जेवावयास बसलेले. तेथे सहा ही जेवणाची वेळ, आणि त्या वेळी कोणी कोणाकडे जात नाही. गृहस्थांनी अभिनंदन केले, हात हातात घेतला, आणि हसतमुखाने म्हणाले, 'आम्ही जेवतो आहोत. गुरुवारी साडेदहाला कॉफीला याल का?' दार मिटले. तबक हातात तसेच. मंडळी, सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात मला दारातून कोणी परत पाठविले नव्हते. रात्रभर ते मनाला लागून राहिले.

गुरुवारी साडेदहाला गेलो. त्यांनी मनापासून स्वागत केले, तासभर आपल्या भारतीय शाळांविषयी विचारले. कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा पुढे केला; मी एक घेतले; डब्याचे झाकण बंद झाले. आग्रह हा शब्द त्यांच्या कोशात नसावा. शौचकूपाच्या भिंतीवर सगळ्या आप्तेष्टांच्या वाढदिवसांची दिनदर्शिका टांगलेली होती. आता तीत आमच्या नातीचीही तारीख लिहिली गेली होती. ज्यांनी मला दारातून परत पाठविले त्यांनीच रोज नजरेस पडेल अशा ठिकाणी ती लिहून ठेविली होती. माझा राग कोणत्या खात्यात जमा करावा ते मला कळेना.

परंतु माझा मुख्य विषय ती शुश्रूषा करणारी बाई हा आहे.

पहिल्या दिवशी ती सायकलवरून आली, पन्नाशीची, उंच, बोलणे तुटक. हात धुऊन तिने बाळंतिणीचा ताप पाहिला, नाडी पाहिली, पोटावर हात ठेवून गर्भाशय किती उतरले ते तपासले, बाळाचे वजन घेतले, आणि साऱ्याची एका वहीत नोंद केली. नंतर सौ.ने प्रेमाने गुंडाळलेल्या बाळाच्या मानेमागे बोट घालून ती सरळ म्हणाली, 'बाळाला उकडते आहे. हे चुकीचे आहे. दोन कपडे काढा.' कुंची गेली, दुपटे गेले. काजळाची डबी पाहून म्हणाली, 'डोळ्यांत घालू नका.' दोन मुले वाढविलेल्या बाईला हे ऐकावे लागले. तेथे मनातले तोंडावर बोलणे हाच सभ्यपणा मानतात. आपल्याकडे तो अपमान. सौ. दोन दिवस स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

तिसऱ्या दिवशी तिने हट्टाने ओवा आणि बाळंतशेपा निखाऱ्यावर घालून धुरी दिली. आता तेथे २०२२ च्या जुलैपासून प्रत्येक घरात धूर ओळखणारे यंत्र बसविणे सक्तीचे आहे, हे तिला कोण सांगणार? यंत्राने असा काही आक्रोश मांडला की बाळ किंचाळू लागले. तेवढ्यात समोरचे गृहस्थ पायमोज्यांवरच धावत आले. तीन महिन्यांत न ठरविता आमच्याकडे आलेला तो एकमेव वलंदेज पाहुणा.

त्या बाईने खिडक्या उघडल्या, बाळाला शांत केले, आणि मग ती डबी उचलून वास घेतला. तिचा चेहरा एकदम खुलला. आपल्या पिशवीतून तिने एक खोका काढला. त्यांच्याकडे बाळ जन्मले की लोणी लावलेल्या कडक गोल पावावर साखरेत घोळलेली बडीशेपेच्या जातीची बारीक दाणेदार गोळी पसरून येणाऱ्याजाणाऱ्यांस देतात. मुलगी असल्यास गुलाबी-पांढरी, मुलगा असल्यास निळी-पांढरी. दाण्याला बारीक शेपूट असते म्हणून तिला 'छोटे उंदीर' असे नाव आहे. त्या दाण्याने बाळंतिणीला दूध येते अशी त्यांची जुनी समजूत. सौ.ने एक दाणा तोंडात टाकला, आणि दोन दिवसांत प्रथमच तिच्याकडे पाहून म्हणाली, 'अगं, शेपाच की ही!' भाषा दोघींना परस्परांची येत नव्हती. तरी त्या दिवसापासून बोलणे सुरू झाले. शेगडीच्या जागी तिने पोलादी बाटल्यांत गरम पाणी भरून, त्यांना विणलेली पिशवी चढवून, बाळाच्या पाळण्यात कशा ठेवावयाच्या ते दाखविले. सौ.ला ते मनापासून पटले.

आता मी जे सांगणार आहे ते आपल्या ज्ञातीच्या व्यासपीठावरून मुद्दाम सांगतो. ही बाई, जिच्या शब्दावर दाक्तरीण विसंबते, ती तपासणी आटोपल्यावर बाळंतिणीचे शौचालय स्वतःच्या हातांनी घासून काढी. रोज. तो तिच्या कामाचाच भाग. मग स्वच्छ हात धुऊन ती चहा करी, आमच्याच मेजावर आमच्याबरोबर बसून घेई, आणि पुन्हा बाळाला हातात घेई. खोटे कशाला बोलू? पहिल्या दिवशी तिने पुढे केलेला कप उचलताना माझा हात क्षणभर अडखळला. मी चाळीस वर्षे मुलांना समतेचे धडे शिकविले आहेत. तो अडखळलेला हात माझ्या कन्येने पाहिला. ती काही बोलली नाही, आणि मीही आजपर्यंत हे कोणाजवळ बोललो नव्हतो.

पाहुण्यांचा बंदोबस्तही तिच्याकडेच. तेथे बाळाच्या जन्माची छापील पत्रे पाठवितात, आणि दुपारी अमुक ते अमुक वाजेपर्यंत आई व बाळ विश्रांती घेतात असे त्यांवर स्पष्ट छापलेले असते. ज्याला यावयाचे त्याने आधी विचारावे. आला तर तो आजोबांचेही अभिनंदन करतो, आजीचेही, मामाचेही; खोलीत जो असेल त्याचे. मात्र अर्धा-पाऊण तास झाला की आमची ही बाई उठून उभी राही आणि पाहुणा समजे. एके दिवशी जावयांच्या कार्यालयातील चौघे आपलेच लोक न सांगता आले. तिने त्यांना बाहेरच्या खोलीत बसविले, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, 'चहा तुम्ही करा. तिने उठायचे नाही.' मी चहा केला. आयुष्यात पाहुण्यांसाठी प्रथमच.

त्या रात्री सौ. झोपली नाही. उशिरा म्हणाली, 'धाकट्याच्या वेळी आईला बरं नव्हतं म्हणून बाळंतपण सासरीच झालं. आठवतं? सहाव्या दिवशी मंडळातल्या अकरा बायका बाळंतविडा घेऊन आल्या. चहा मीच केला. टाके होते. तुम्ही बैठकीत बसला होतात.' मला आठवत होते ते एवढेच, की गुलमंडीमागच्या आमच्या घरी त्या दिवशी माणसांची दाटी होती आणि आपल्या ज्ञातीचे प्रेम पाहून मला धन्यता वाटली होती. छत्तीस वर्षांत तिने हे मला सांगितले नव्हते. मी विचारलेही नव्हते.

सारेच तेथले उत्तम असे मी म्हणत नाही. आठ दिवस संपले की ती बाई दुसऱ्या घरी जाते; नवव्या दिवशी बाळंतीण रडू लागली तर कोणाकडे जावे? आमची कन्या दहाव्या दिवशी रडली, आणि तेव्हा सौ. होती म्हणून बरे झाले. नाव ठेवण्याचेही तसेच. जन्मापासून तीन दिवसांच्या आत नगरपालिकेत नावासह नोंद झालीच पाहिजे. बारसे बाराव्या दिवशी, नाव सांगावयाची ती आत्या पैठणला! अखेर रात्री दूरध्वनीवर घाईघाईने विचारविनिमय झाला, कागदावर नाव चढले, आणि बाराव्या दिवशी आत्याने पडद्यावरून बाळाच्या कानाशी जे नाव कुजबुजले ते सरकारदरबारी आधीच जाऊन बसले होते. आत्याबाई त्यावरून अद्याप थोड्या रुष्ट आहेत. या सभेत त्या उपस्थित आहेत, म्हणून जास्त बोलत नाही.

शेवटच्या दिवशी सौ.ने तेथल्याच लोण्याचे तूप कढवून केलेले डिंकाचे लाडू त्या बाईपुढे ठेवले. तिने एक घेतला. सौ.ने दुसरा पुढे केला. ती 'नको' म्हणाली, आणि सौ.ने, आश्चर्य म्हणजे, आग्रह केला नाही. वहीची शेवटची नोंद करून, बाळंतिणीच्या गालाला गाल लावून ती सायकलवर बसून गेली.

आम्ही परत आल्यावर सिडकोत आमच्या नात्यातील एका घरी सून बाळंत झाली. सौ.ने आधी दूरध्वनी करून विचारले, 'केव्हा येऊ?' पलीकडून उत्तर आले, 'असं काय विचारता? आपण परके का?' तरी तिने वेळ ठरवून घेतली. अकरा वाजता गेली, बाळंतिणीला उठू दिले नाही, ओट्यावरची सगळी भांडी घासली, नॅपी धुऊन वाळत घातल्या, बाळाला लांबूनच पाहिले आणि बाराच्या आत निघून आली. संध्याकाळी त्या घरच्या यजमानांचा मला दूरध्वनी आला. 'गुरुजी, वहिनी चहासुद्धा न घेता गेल्या. आमचं काही चुकलं का?'