पालक, घेवडा आणि लिंबाची फोड

रक्त वाढवायचं तर पालक खा, असं आपण सर्रास सांगतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आढळला. तेव्हा हा सल्ला नीट तपासायलाच हवा. १०० ग्रॅम पालकात लोह जेमतेम ३ मिलिग्रॅम, आणि त्यातलंही थोडंच अंगी लागतं. पालकाची खरी दौलत वेगळीच आहे: नव्या रक्तपेशी घडवणारं, गरोदरपणात तर अत्यावश्यक असं फोलेट, आणि डोळ्यांसाठी मोलाचं बीटा-कॅरोटीन. हे बीटा-कॅरोटीन स्निग्धांशाशिवाय नीट शोषलं जात नाही, म्हणून भाजीला तेल-लसणाची फोडणी हवीच.

मग लोहासाठी पालक सोडायचा का? मुळीच नाही, त्याला जोड द्यायची. भौगोलिक मानांकन मिळालेला आपल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा रात्री भिजवून, सकाळी मऊ शिजवून पालकात घाला. ताटात लिंबू पिळा. क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा मात्र नको. पालकाने मुतखडा होईल का, ही शंकाही रास्त आहे, कारण पालकात ऑक्सलेट भरपूर असतं. खड्याचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी येत्या बाजारात पालकाची जुडी घेताना घेवडा आणि लिंबूही पिशवीत टाकावं.